डबल बेल

१

सकाळी गाडी चालू करायच्या आधी मी बोनेटवर थाप मारायचे. जोरात, उघड्या तळव्याने. गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मांजरीचं एक पिल्लू उबेसाठी इंजिनाजवळ जाऊन बसलं होतं आणि घरात कोणालाच ते माहीत नव्हतं. ह्यांनी चावी फिरवली तेव्हा जो आवाज आला, तो मी इथे लिहीत नाही. आमचे गॅरेजवाले अन्सारभाई नंतर म्हणाले, भाभी, थंडी असो की ऊन, आधी थाप, मग चावी. आत कोणी असलं तर निघून जाते.

तेव्हापासून नेम झाला. हे म्हणजे माझे मालक, स्वप्निल. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. रोज सकाळी आधी पारमीला शाळेत सोडायचं आणि मग कामावर जायचं. पारमी आमची पाच वर्षांची एकुलती मुलगी. गाडी जुनीच घेतलेली, पण हे तिला फार जपतात. टायर थंड असताना हवा तपासतात, कूलंट बघतात, ब्रेकचं ऑइल बघतात. मी बघते ती एकच गोष्ट, गाडीच्या आत, खाली आणि मागे कोण आहे.

आमचं घर अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला आत आहे. गल्ली अरुंद, पुढे बंद. त्यामुळे गाडी तोंड आत करून भिंतीला लागून उभी राहते आणि सकाळी मागे-मागेच काढावी लागते. गल्लीला एक वळण आहे. गाडी निघताना कोणीतरी रस्त्यावर जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवाव्या लागतात. ते काम माझं. पण रस्त्यावर उभं राहिलं की वळणाच्या भिंतीमुळे आपली गाडी दिसत नाही, भिंतीवरून फक्त तिचा टप दिसतो. मी रस्ता मोकळा पाहून ओरडायची, येऊ द्या, आणि टप हलायला लागायचा.

पारमी मागच्या सीटवर डावीकडे बसते. तिकडची खिडकी भिंतीपासून वीतभर लांब, म्हणून ती उजव्या दारातून चढून सरकत जाते. मी बोनेटपाशी असले की सीटच्या मागे तिचं डोकं दिसत नाही. म्हणून आमचं ठरलं होतं. मी थाप मारायची. ती बसली असेल, पट्टा लावला असेल, तर तिने काच वाजवून उत्तर द्यायचं.

टक टक.

ते ऐकलं की मी रस्त्याकडे निघायची.

२

हे दोनदा वाजवायचं तिला माझ्या वडिलांनी शिकवलं. पारमी त्यांना आबा म्हणते म्हणून आता सगळेच म्हणतात. आबा, देवमन त्यांचं नाव, अकोल्याच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी खुर्चीवर बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधतो.

गाडी घेतल्यावर ते आले, टायरला लाथ मारून बघितली, मग नातीला सीटवर बसवून म्हणाले, तू आता कंडक्टर. एक बेल म्हणजे थांबा. दोन बेल म्हणजे चला. मग त्यांनी परीक्षा घेतली.

"आन् दोन वाजल्यावर एक वाजली तं?"

पारमी म्हणाली, "थांबा."

"शाब्बास. दोन बेल कोनीबी वाजवते बापा. पासिंजर वाजवते, पोट्टे मस्तीत वाजवते. एक बेल कोनी मस्तीत वाजवत नाही. एक आयकली का पाय ब्रेकवर."

ती डाव्या हाताने वाजवायची. डावखुरी आहे. जेवतेही डाव्या हातानेच, आणि माझ्या सासूबाई भागीरथाबाई त्यावरून रोज मला बोलायच्या, जशी काही मी तिला हातच उलटा लावून दिला.

त्याच दिवशी आबांनी पारमीची एक लहान झालेली लाल सँडल मागितली. तिच्या जोडीची केव्हाच हरवली होती. काळा दोरा ओवून ती त्यांनी गाडीच्या मागे, खाली, बांधून टाकली. ड्रायव्हर लोक बांधतात तशी, नजर लागू नये म्हणून. हे हसले. म्हणाले, आबा, आपण बावीस प्रतिज्ञावाले लोक, आपल्यात नजर कुठून आली?

"जवाईबापू, हे धर्माचं नाही," आबा म्हणाले. "हे रस्त्याचं आहे."

 खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पण पारमीला नाही वाटलं. ती सँडल तिची लाडकी होती. तेव्हापासून जरा लक्ष हटलं की ती गाडीच्या मागे जाऊन उकिडवी बसायची आणि सँडलला हात लावून बघायची. मी रागवायचे. गाडीच्या मागे बसायचं नाही, पारमी. गाडीला मागे डोळे नसतात.

३

एप्रिल लागला आणि शाळा सकाळची झाली. त्या दिवशी हे गाडीत बसले होते, काच खाली करून. मी थाप मारली.

टक टक.

मी वळले आणि रस्त्याकडे निघाले, तर पायरीवर पारमी बसलेली. सासूबाई तिच्या मागे बसून वेणी घालत होत्या. लाल रिबीन दातात धरलेली.

मी परत गाडीकडे आले. ह्यांना विचारलं, तुम्ही वाजवलं का?

"काय?"

"डबल बेल."

"मी काहून वाजवू? मले वाटलं पोरगी बसली."

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. मी उजवं दार उघडून बघितलं. मागची सीट रिकामी. पारमी उंच दिसावी म्हणून ठेवलेली उशी, पाण्याची बाटली, बस. हे म्हणाले पत्रा तापला की वाजतो. सकाळी सातला पत्रा कुठून तापेल, असं मला वाटलं. मग वाटलं, आपल्याकडे एप्रिलमध्ये सातलाही तापतो. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण पत्रा तापून वाजतो हे मलाही माहीत आहे. घरावरचे टिन वाजतात की दुपारी.

पण टिन कधी बोलावल्यावर वाजत नाहीत.

४

मी हट्ट धरला म्हणून गाडी अन्सारभाईंच्या गॅरेजला नेली. त्यांनी डाव्या दाराचं आतलं कव्हर काढलं, लॉकची पट्टी घट्ट केली, काच वरखाली करून बघितली. आवाजाचं काही सापडलं नाही. ते हसत म्हणाले की गाडी कधी बोलत नाही भाभी, घरातले लोकच एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून गाडी ऐकू येते. हे हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि विचारलं, मागे कोणी असलं तर गाडी थांबवणारं काही असतं का?

असतं म्हणाले. सेन्सर. मागच्या बंपरला छोटी बटणं लावली, आत एक डबी. गाडी मागे घेताना मागे काही असलं की डबी पीं पीं ओरडते. मला इतकं बरं वाटलं की मी परत येताना रस्ताभर पारमीबरोबर गाणं म्हणत आले.

दुसऱ्या दिवशी रिव्हर्स टाकला आणि डबी ओरडायला लागली. हे उतरून मागे गेले. कोणी नव्हतं. परत बसले, परत ओरड. जितकं मागे जावं तितकी पीं पीं जवळ-जवळ, जसं काही मागे असलेलं हटायला तयार नाही. अन्सारभाईंना फोन लावला. ते म्हणाले, ती जुती लटकवलेली आहे ना मागे, ती सेन्सरसमोर हलत असेल, काढून टाका.

मी आबांना फोन केला. ते म्हणाले, बांधलेलं सोडायचं नाही, बाजूला सरकव. मग हे चिडून सँडल अगदी डाव्या कोपऱ्यात, चाकाजवळ बांधून आले. पारमी उभी राहून बघत होती.

डबी ओरडायची थांबली नाही. आठवडाभराने ह्यांनी तिची वायर उपसून टाकली. मी भांडले. पण त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. ते म्हणाले, कोणी नसताना रोज ओरडणारी वस्तू, उद्या खरंच कोणी असताना ओरडली तर आपण ऐकणार आहोत का?

५

रविवारी आम्ही अकोल्याला निघालो, आबांना भेटायला. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. ऊन असं की डांबराकडे बघवत नव्हतं. पारमी झोपली होती. गाडीत मूल ठेवून दार लावायचं नाही, पाच मिनिटंही नाही, हे मी ह्यांना शपथेवर सांगून ठेवलेलं. मी तिचा पट्टा काढला, तिला खांद्यावर घेतलं. हॉटेलच्या पत्र्याखाली ती माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपून होती.

चहा झाला. हे स्टेअरिंगवर ओलं फडकं फिरवत बसले, चटका बसतो म्हणून. मी गाडीपाशी आले आणि सवयीने, पारमीला एका हाताने सांभाळत, दुसऱ्या हाताने बोनेटवर थाप मारली.

टक टक.

माझ्या खांद्यावर पारमीचा श्वास चालू होता. गरम, एकसारखा.

मी दार उघडलं. सीट रिकामी होती. पण तिचा पट्टा लागलेला होता. सीटवर आडवा, ताणलेला, खाचेत पक्का बसलेला. मीच काढला होता ना? की ढिला करून तिला तशीच वर ओढून घेतली? झोपलेलं मूल काढताना आपण काय करतो ते नीट आठवत नाही, हात आपले आपण करतात. मी बटण दाबलं. पट्टा सुटून मागे गेला, सावकाश.

अकोल्याला जेवणं झाल्यावर आबांना बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "मी जिंदगीभर बेलवर गाडी चालवली. माय, मांगं वळून कधी पाह्यलंच नाही. मांगं माणूस आहे, असा भरोसा." आणि म्हणाले, "तू बेलवर नको जाऊ. डोळ्यानं पाह्यल्याबिगर चल म्हणू नको."

सँडल काढू का, मी विचारलं. त्यांनी गाडीमागे जाऊन दोऱ्याची गाठ ओढून बघितली.

६

तेव्हापासून मी थापही मारायची, उत्तरही ऐकायची, आणि तरी उजव्या दारातून डोकं घालून पारमी आहे की नाही ते बघूनच रस्त्यावर जायची. हे वैतागायचे, पण थांबायचे.

त्या दिवशी रस्त्यावर पाण्याचा टँकर आडवा झाला होता. हॉर्नवर हॉर्न. मी थाप मारली. टक टक आलं. मी दाराकडे वळले तर हे म्हणाले, "बसली आहे ती. मी आरशात पाहून राहिलो ना. तू जा, तो टँकर हाले तोवर आपल्याले निघू दे."

त्यांनी बघितलं म्हणजे बघितलं. ते खोटं बोलत नाहीत. मी पळतच रस्त्यावर गेले. एका मोटारसायकलवाल्याला हात दाखवून थांबवलं आणि ओरडले, येऊ द्या.

भिंतीवर गाडीचा टप हलायला लागला.

तेवढ्यात घरातून सासूबाईंचा आवाज आला. "वो ज्योत्स्ना, पारमीले पाठव ना इकडे. एकच वेणी झाली. मी दूध उतरवाले गेली तं पोरगी पयाली."

आणि त्याच वेळी भिंतीच्या पलीकडून, खालून, एक आवाज आला. पत्र्यावर बोटाचं हाड आपटल्यासारखा.

टक.

एकच.

मी कधी इतकी ओरडले नसेन. टप थांबला. मी वळणावरून धावत गेले. गाडीच्या मागच्या डाव्या चाकाच्या मागे, भिंतीला लागून पारमी उकिडवी बसलेली होती. चाक तिच्या गुडघ्यापासून एका हाताच्या अंतरावर. काळा दोरा तुटून लोंबत होता. एका बाजूची वेणी, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे. आणि तिच्या उजव्या पायात ती लाल सँडल होती. घातलेली. बक्कल लावलेलं.

दोन वर्षांपूर्वी तिला होत नव्हती म्हणून टाकलेली सँडल.

मी तिला ओढून घेतलं. ती रडली नाही. मीच रडत होते. मी म्हणाले, बरं झालं ग माय, तू बेल वाजवली. आबांची आठवण ठेवली.

तिने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "मी नाही वाजवली. मी तं गाडीत बसली होती."

हे उतरून आले होते. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. मला वाटलं ते तिला रागावतील. ते म्हणाले, "ती आत होती, ज्योत्स्ना. पट्टा लावून. मी आरसा तिच्याकडेच करून ठेवला होता." आणि मग कधीच, पुन्हा कधीच, त्या गोष्टीवर बोलले नाहीत.

७

त्या दिवसापासून गाडीवर कव्हर घातलं. विकायची, असं ह्यांनी एका वाक्यात सांगितलं. पारमी ऑटोने शाळेत जायला लागली.

बदललं तसं काही नाही. उलट सगळे खूश होते. बाई म्हणाल्या पारमी आता वर्गात शांत बसते. हाक मारली की पहिल्या हाकेला येते. सासूबाई तर गल्लीभर सांगत फिरल्या, पोरगी शिकली एकदाची, आता उजव्या हाताने जेवते. मी ताटासमोर बसून बघायचे. उजव्या हाताचा घास, नीट, सांडत नाही. जन्मापासून उजवाच असल्यासारखा.

मी डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, म्हणाल्या, भ्यायली आहे, मुलं भ्याली की बदलतात, तुम्हीच जास्त काळजी करता. ते खरं आहे. मी काळजी करते. पारमीच्या जन्मापासून मी रात्री उठून तिच्या नाकाखाली बोट धरते. आईचं वेडच असतं ते.

सँडल ती काढू देत नव्हती. एका पायात लाल, दुसऱ्या पायात शाळेचा बूट. झोपली की मी बक्कल सोडून बघायचे. टाच बरोबर टाचेवर. बोटं बरोबर बोटांवर. मी दाबून बघायचे. कुठेच घट्ट नव्हती.

आणि दुसरी रिबीन सापडली नाही. सासूबाई म्हणतात, त्यांनी त्या दिवशी मोकळ्या केसांवर ती नुसतीच गुंडाळून ठेवली होती, वेणी घालायला परत येते म्हणून. मी गल्ली झाडली, नाली बघितली, गाडीच्या कव्हराखाली हात घालून चाचपलं. कव्हराखाली हात घातला तेव्हा पत्रा गार लागला. मे महिन्यात, भर दुपारी.

मी हात काढून घेतला. सावलीला असेल, म्हटलं.

८

आज सकाळी अकोल्याहून माझ्या भावाचा, ललितचा, फोन आला. आबांच्या छातीत दुखून राहिलं, भरती केलं, लवकर या. मी म्हटलं बसने जाऊ. पण फोन ठेवेपर्यंत ह्यांनी गाडीचं कव्हर अर्धं काढलेलं होतं. मला माहीत होतं ते माझ्यासाठीच करत होते. ऑटो, मग स्टँड, मग बसची वाट, मग उन्हात तीन तास. तोवर आबा. मी आत जाऊन पाण्याची बाटली भरली.

त्यांनी हवा बघितली, कूलंट बघितलं, बॅटरीची तार घट्ट केली. इतके दिवस उभी असून गाडी पहिल्या झटक्याला चालू होईल का म्हणून, घाईत थापेच्या आधीच, हळूच चावी फिरवली. झाली. बंद केली. माझ्याकडे बघितलं, नेमाप्रमाणे.

सासूबाई पुढे बसल्या. पारमीला मी माझ्या हाताने बसवलं. उशी ठेवली, पट्टा लावला, ओढून बघितला. उजवं दार मुद्दाम उघडं ठेवलं, म्हणजे बोनेटपाशी वाकून मला ती दिसत राहील. मग थाप मारली.

ती डाव्या खिडकीला लागून बसलेली. डावा हात खिडकीपाशीच होता, मांडीवर. तिने उजवा हात उचलला, अंगावरून पलीकडे नेला, आणि वाजवलं.

टक टक.

मी बघितलं. डोळ्याने बघितलं. माझी मुलगी आत होती. आबांनी सांगितलं होतं तसं सगळं झालं होतं. मी दार लावलं आणि गाडीच्या बाजूने मागे निघाले.

मागच्या चाकापाशी आले तेव्हा वाजलं.

टक.

मी थांबले. आवाज खालून आला होता, बंपरच्या मागून, जिथे तुटलेला काळा दोरा अजून लोंबतो. मागे कोणी नव्हतं. गल्ली वळणापर्यंत रिकामी, पांढऱ्या उन्हाने भरलेली. मी स्वतःला म्हटलं, पत्रा तापला. मग मला त्या दुपारी हाताला लागलेला पत्रा आठवला.

खिडकीतून परत आलं, टक टक. घाई झाल्यासारखं.

आणि खालून, टक.

मी गुडघ्यावर बसले. मग हात टेकून वाकले. गाडीखाली अंधार होता, उन्हातून बघताना असतो तसा, आधी काहीच दिसत नाही. मग चाकाच्या आतल्या बाजूला काहीतरी लाल दिसलं. रिबिनीचं टोक. मातीवर पडलेलं. इतके दिवस मी शोधत होते ते इथे, चाकाजवळ. मी हात लांब केला. माझी बोटं लागायच्या आत ते टोक सरकलं, आत गेलं, कोणी पलीकडून केस मागे घ्यावेत तसं.

  मी तशीच, गाडीच्या मागे, गल्लीत बसून राहिले. पाठ बंपरला लावून, एक हात अजून गाडीखालीच. म्हणजे माझ्यावरून गेल्याशिवाय गाडी मागे येणार नाही.

पुढून ह्यांचा आवाज आला. "ज्योत्स्ना, येऊ दे का?"

खिडकीतून टक टक. टक टक. थांबायचं नावच नाही. सासूबाई कौतुकाने म्हणत होत्या, पाहा बाई, आबाले भेटाची किती घाई झाली पोरीले. अकोल्याच्या दवाखान्यात माझे आबा पडले होते, माझी वाट बघत. आणि बंपरच्या पत्र्यातून माझ्या पाठीला लागत होतं. हळू. दम लागल्यासारखं. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

हे दार उघडून उतरले. मला गाडीखाली हात घालून बसलेली बघून तिथेच थांबले.

"काय करून राहिली तू?" ते म्हणाले.  "पारमी बसली आहे ना आत. मी आताच पाह्यली. मंग तू खाली कोणाले शोधून राहिली?"

मी हात अजून लांब केला, खांदा पत्र्याला लागेपर्यंत, आणि बोटं उघडून ठेवली.

खिडकीवरचं वाजणं बंद झालं.

टक, खालून आलं. एकच.